जर्मनी, परभणी आणि टक्केवारी

'जगात जर्मनी, भारतात परभणी!' आम्ही परभणीकर हे पुण्याच्या ऑफिसातही छाती फुगवून सांगतो. पण टक्केवारीचं गणित आलं, की आमच्याकडची बरीच ग्रॅज्युएट पोरं गप्प. बँकेच्या, तलाठ्याच्या परीक्षेत नेमकी इथंच विकेट पडते.

प्रॉब्लेम एकट्या परभणीचा नाही, बरं का. 2023 च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वयाच्या जेमतेम 43 टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. त्यात शेजारचं नांदेडही होतं. हीच मुलं पुढे कॉलेजात येतात.

मग काय, शाळेचंच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून? छे! न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत 2013 मध्ये गणितात कच्च्या मुलांचे गट पाडले. काहींना तेच जुनं बीजगणित, काहींना थेट कॉलेजचं स्टॅटिस्टिक्स आणि जोडीला दर आठवड्याला मदतीचा वर्ग. बीजगणितात 39 टक्के पास झाले, स्टॅटिस्टिक्समध्ये 56!

म्हणून म्हणतो, परभणीच्या बीएच्या वर्गात सुरुवात मोंढ्यापासून करा. समजा, सोयाबीन 4,000 वरून 4,600 वर गेलं. वाढ 15 टक्के. पुन्हा 4,000 वर आलं, तर घट मात्र 13 टक्केच. असं का? या 'का'वर पोरांना तासभर भांडू द्या की! भागाकार त्या भांडणातच पक्का होईल.

गावी गेलात, की धाकट्या भावाला हा प्रश्न टाकून बघा. त्याआधी स्वतःच्या इन्क्रिमेंट लेटरवर करून बघितलात, तर उत्तम!