यात मिळतं काय?

शास्त्रज्ञांना त्यांच्या कामात एवढी मजा का येते, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत. एक देशसेवा आणि दुसरं शोध, नाव, बक्षिसं. मुलाखतींत शास्त्रज्ञही बिचारे हेच सांगतात. मला ही उत्तरं कधी पटलीच नाहीत. देशसेवेसाठी कुणी रात्री दोन-तीनला, कडाक्याच्या थंडीत, बिघडलेल्या यंत्रावर फुंकर मारत बसत नाही.

जोसलिन बेल बसली होती. केंब्रिजला पीएच.डी. करायला आलेली उत्तर आयर्लंडची मुलगी. पहिली दोन वर्षं गेली ती साडेचार एकरांवर हजारभर खांब रोवण्यात आणि तारा जोडण्यात. (घण चालवता यायला लागला, हे ती पुढे कौतुकाने सांगायची.) १९६७ साली ही रेडिओ दुर्बीण चालू झाली आणि रोज शंभरेक फूट कागदावर शाईची रेघ उमटायला लागली. ती सगळी हिने डोळ्यांनी तपासायची. त्यात एके ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, काहीतरी खरडल्यासारखं दिसलं. दुसऱ्या कुणी पुढचा कागद ओढला असता. हिला आठवलं, की हे आधीही दिसलंय, आणि आकाशाच्या त्याच भागात!

कागद वेगाने पळवून पाहिल्यावर ठोके दिसले. दर १.३ सेकंदाला एक, नाडीसारखे नियमित. गाईडना वाटलं, हे माणसाचंच काहीतरी असणार. मग परग्रहवासीयांची शंका निघाली. बेल वैतागली, कारण तिला वेळेत प्रबंध पुरा करायचा होता आणि हे हिरवे लोक मध्येच कडमडले होते. पण त्याच डिसेंबरात तिला आकाशाच्या दुसऱ्या टोकाला तसंच खरडलेलं दिसलं. मध्यरात्रीनंतर ती दुर्बिणीपाशी गेली. थंडीने यंत्र नीट चालेना. तिने बटणं हलवली, शिव्या घातल्या, फुंकर मारली. यंत्र पाच मिनिटं चाललं आणि ठोके उमटले, या वेळी १.२ सेकंदांचे. दोन टोकांचे परग्रहवासी एकाच वेळी आपल्यालाच हाक मारतील हे कसं शक्य आहे? म्हणजे हे तारेच होते. आज आपण त्यांना पल्सार म्हणतो.

ती पाच मिनिटं मला फार मोलाची वाटतात. ती गोष्ट त्या वेळी सगळ्या जगात एकट्या तिला माहीत होती.

पण अशी पाच मिनिटं बहुतेकांच्या वाट्याला कधीच येत नाहीत. तरी ती माणसं टिकतात, ती कशामुळे? मी आयुष्यभर ऑफिसात काम केलं. तिथे बरोबर काय, हे बऱ्याचदा साहेबांच्या मूडवर ठरतं. राजकारण प्रयोगशाळेतही असतंच म्हणा, पण कागदावरची रेघ कुणाची मर्जी राखत नाही. तिच्यापुढे गाईड चूक आणि विद्यार्थिनी बरोबर ठरू शकते. हे सुख बाकी नोकऱ्यांत फारसं मिळत नाही.

एका विज्ञान दिनाला आम्ही नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी बघायला गेलो होतो. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना. भावोजींनी तिथल्या एका शास्त्रज्ञाला विचारलं, "याचा उपयोग काय?" त्याने पाठ केलेलं उत्तर दिलं. मग भाचीने विचारलं, की मोबाईलची खरखर आणि पल्सार वेगळे कसे ओळखता? झालं! गडी माहितीपत्रक उलटं करून चित्र काढायलाच लागला. ताऱ्याचा ठोका अवकाशातल्या इलेक्ट्रॉन्समधून येतो, म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सीला आधी पोचतो आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला उशिरा. मोबाईलची खरखर सगळीकडे एकदमच येते. मागे रांग खोळंबली होती, त्याला पत्ताच नाही. खरं उत्तर ते होतं, पण ते "उपयोगा"च्या रकान्यात बसत नाही.

भाचीला आता पीएच.डी. करायची आहे. भावोजी हिशोब मांडतात, की २०२३ पासून जेआरएफचे महिना ३७,००० रुपये, तेही तिच्या एका मैत्रिणीला कित्येक महिने मिळाले नव्हते. यात ते शंभर टक्के बरोबर आहेत. "आनंद मिळतो ना, मग पैशाची घाई कशाला?" हे आपण शिक्षकांना ऐकवतो, गवयांना ऐकवतो, आणि संशोधकांनाही. आनंदातून खोलीभाडं भागत नाही. शिष्यवृत्ती वेळेवर न देणाऱ्यांनी कुतूहलावर भाषणं तरी देऊ नयेत.

१९७४ साली पल्सारच्या शोधाचं नोबेल तिच्या गाईडना, ह्यूइश यांना मिळालं. त्यांच्याबरोबर मार्टिन राईल होते, बेल नव्हती. तिने खगोलशास्त्र सोडलं नाही. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, ते तिने सगळंच्या सगळं पदार्थविज्ञानात पीएच.डी. करू पाहणाऱ्या, पण एरवी तिथवर पोचू न शकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्त्यांना देऊन टाकलं. हे भावोजींना सांगितलं तर म्हणाले, "तिला परवडलं." आमचा वाद अजून चालू आहे. भाचीने मात्र फॉर्म भरलाय.