विश्लेषण : रॅम ‘भरलेली’ दिसली म्हणून घाबरू नका, ‘पेज कॅशे’चे काम कर्नललाच करू द्या

चार जीबी रॅमचा फोन. सेटिंग्ज उघडून पाहिल्या तर त्यातली तीन जीबी ‘वापरात’. मग एखादे ‘क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ अ‍ॅप डाउनलोड होते, रॉकेटचे चित्र असलेले बटण दाबले जाते आणि ‘इतके एमबी मोकळे झाले’ असा आकडा पडद्यावर झळकतो. वापरकर्त्याला बरे वाटते. फोनचे काम मात्र वाढलेले असते. भरलेली रॅम म्हणजे बिघाड, हा समज अशा अ‍ॅपनी वर्षानुवर्षे जोपासला आणि फोन कंपन्यांनी तो खोडून काढण्याची तसदी घेतली नाही. खरी काळजी करण्यासारखी जागा वेगळीच आहे. ती कळण्यासाठी रॅममध्ये नेमके काय भरलेले असते, हे आधी पाहावे लागेल.

पेज कॅशे म्हणजे काय?

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल असतो. अ‍ॅपला फाइल हवी असेल तर ते कर्नलकडे मागते आणि कर्नल ती स्टोरेजमधून आणून देतो. अडचण वेगाची आहे. रॅममधून माहिती उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फोनच्या फ्लॅश स्टोरेजमधून तीच माहिती आणायला जवळपास हजारपट वेळ लागतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला तर लाखपट. म्हणून एकदा आणलेली माहिती कर्नल टाकून देत नाही. साधारणपणे ४ केबीच्या तुकड्यांत, म्हणजे ‘पेज’मध्ये, ती रॅममध्ये ठेवून देतो. (अँड्रॉइड १५ पासून १६ केबीच्या पेजचीही सोय आहे.) तीच फाइल पुन्हा मागितली की स्टोरेजकडे न जाता रॅममधूनच देतो. अ‍ॅप आणि स्टोरेज यांच्यामधला हा थर म्हणजे पेज कॅशे.

हळद-तिखटाच्या मोठ्या बरण्या फडताळात असल्या तरी रोजच्या फोडणीसाठी मिसळणाचा डबा गॅसशेजारीच असतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की कर्नल आणखी दोन गोष्टी करतो. फाइल ओळीने वाचली जात आहे असे दिसले, की पुढची पेजेस न मागताच आणून ठेवतो. आणि दहा अ‍ॅप एकच सिस्टीम फाइल वापरत असतील, तर तिची एकच प्रत दहाही जणांना दाखवतो. ही सामायिक प्रत पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

कल्पना जुनी आहे. युनिक्समध्ये १९७०च्या दशकातच ‘बफर कॅशे’ होता, पण त्याची जागा मर्यादित होती आणि प्रोग्रॅमच्या मेमरीचा हिशेब वेगळा चाले. एकाच फाइलच्या दोन प्रती दोन ठिकाणी राहण्याचा धोका त्यात होता. १९८८च्या सनओएस ४.० मध्ये हे दोन हिशेब एकत्र आले, लिनक्समध्ये जानेवारी २००१च्या २.४ आवृत्तीत.

मग ‘मोकळी रॅम’ चांगली की वाईट?

कॅशेमधले जे पेज नुसते वाचलेले आहे, त्याची मूळ प्रत स्टोरेजमध्ये सुरक्षित असते. एखाद्या अ‍ॅपला जागा हवी झाली की कर्नल असे पेज क्षणात सोडून देतो. म्हणजे ही रॅम ‘वापरात’ही आहे आणि उपलब्धही आहे. आकड्यांचा हा घोळ लिनक्सवाल्यांनाही छळत होता. म्हणून २०१४च्या ३.१४ आवृत्तीपासून ‘मोकळी’ आणि ‘उपलब्ध’ मेमरी असे दोन वेगळे आकडे कर्नल देऊ लागला. फोनच्या पडद्यावर मात्र बहुधा एकच पट्टी दिसते आणि ती भरत आली की लाल होते. साध्या दोन रंगांनी जो गैरसमज मिटला असता, तो तसाच ठेवला गेला, कारण घाबरलेला ग्राहक जास्त रॅमचा फोन घेतो.

बूस्टर अ‍ॅपचे तर हसे व्हावे. साध्या अ‍ॅपला कर्नलच्या पेज कॅशेला हात लावण्याची परवानगीच नसते. ते फार तर मागे थांबलेली इतर अ‍ॅप बंद करू शकत होते. मग तीच अ‍ॅप पुन्हा उघडताना सगळी जुळवाजुळव पहिल्यापासून, म्हणजे वेळही जास्त आणि बॅटरीही जास्त. अँड्रॉइड १४ मध्ये गूगलने हेही दार लावले. आता ही आज्ञा देणारे अ‍ॅप फक्त स्वतःच्याच प्रक्रिया बंद करू शकते. रॉकेट मात्र अजून उडते आहे.

कुठले पेज ठेवायचे आणि कुठले सोडायचे, हा निर्णय खरोखर अवघड आहे. गूगलच्या यू झाओ यांनी त्यासाठी लिहिलेली ‘मल्टि-जनरेशनल एलआरयू’ ही नवी पद्धत डिसेंबर २०२२मध्ये लिनक्स ६.१ मध्ये आली. पेज शेवटचे कधी वापरले, त्यानुसार ती त्यांच्या पिढ्या पाडते आणि सर्वांत जुन्या पिढीपासून जागा मोकळी करते. गूगलने आपल्या उपकरणांवर मोजले, तेव्हा मेमरी मोकळी करणाऱ्या कर्नलच्या प्रक्रियेचा प्रोसेसरवरचा भार ४० टक्क्यांनी घटला आणि मधल्या पातळीवर अ‍ॅप उघडण्याचा वेळ १८ टक्क्यांनी कमी झाला. ही सुधारणा वापरकर्त्याने कुठलेही बटण न दाबता झाली.

याचा अर्थ रॅम कितीही कमी असली तरी चालते, असा नाही. दोन-तीन जीबीच्या फोनमध्ये अ‍ॅपच इतकी जागा घेतात, की कॅशेला कोपराही उरत नाही. चालू अ‍ॅपच्या कोडची पेजेस टाकायची आणि लगेच पुन्हा आणायची, यातच फोन दमतो. स्टोरेजचा तुकडा ‘व्हर्च्युअल रॅम’ म्हणून विकण्याने हे दुखणे बरे होत नाही. तो तुकडा हजारपट मंद असतोच. नको असलेली अ‍ॅप काढून टाकणे किंवा जास्त रॅमचा फोन घेणे, एवढेच उपाय आहेत.

‘सेव्ह झाले’ म्हणजे नक्की कुठे?

वाचण्यापर्यंत सारे सोपे आहे. लिहिताना कर्नल एक जोखीम घेतो. अ‍ॅपने फाइलमध्ये बदल केला की कर्नल तो रॅममधल्या पेजवर करतो आणि ‘झाले’ असे लगेच सांगून टाकतो. स्टोरेजवर तो अजून गेलेलाच नसतो. दुकानदार दिवसभर कच्च्या वहीत लिहितो आणि सवडीने खतावणीत उतरवतो, तसे हे. अशा न उतरवलेल्या पेजला ‘डर्टी’ म्हणतात. लिनक्सच्या मूळ रचनेत दर ५ सेकंदांनी एक प्रक्रिया जागी होते आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी पेजेस उतरवते. त्याआधी वीज गेली, तर कच्ची वही जळाली.

पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता ओढला की शेवटचे फोटो उघडत नाहीत, त्याचे कारण हेच. लोक ऐकत नाहीत हे मान्य करून मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून अशा ड्राइव्हसाठी वेगापेक्षा सुरक्षित काढणे हीच मूळ सेटिंग ठेवली.

ज्यांना थांबणे परवडत नाही, त्यांच्यासाठी कर्नलकडे ‘एफसिंक’ ही आज्ञा आहे : आत्ताच्या आत्ता स्टोरेजवर उतरव आणि मगच ‘झाले’ म्हण. डेटाबेस याच शब्दावर विसंबतात. २०१८मध्ये पोस्टग्रेस्क्यूएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसच्या अभियंत्यांना कळले, की हा शब्दही पूर्ण खरा नाही. डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ती एकदा कळवत असे, पण त्या पेजवरची डर्टी खूण पुसून टाकत असे. डेटाबेसने पुन्हा एफसिंक केले, की उतरवायला काही शिल्लकच नाही म्हणून उत्तर येई : ‘झाले’. माहिती गेलेली आणि पावती हातात. डेटाबेसवाले सुमारे वीस वर्षे याच्या उलट गृहीत धरून बसले होते.

कर्नलवाल्यांची बाजूही होती. ओढून काढलेल्या पेन ड्राइव्हची डर्टी पेजेस कायमची धरून ठेवली, तर रॅम त्यांनीच भरून जाईल. हे तांत्रिकदृष्ट्या पटणारे आहे. पण मधला थर ‘झाले’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ त्याने वरच्यांना स्पष्ट सांगितलेला असायला हवा. तो धड लिहिलेला नव्हता, ही चूक कर्नलच्याच पदरात पडते. फेब्रुवारी २०१९मध्ये पोस्टग्रेस्क्यूएलने आपल्याकडून मार्ग काढला : एफसिंक फसले की डेटाबेस स्वतःला बंद करतो आणि आपल्या नोंदवहीवरून हिशेब पुन्हा उभा करतो.

सामायिक प्रतीची किंमत

एकच प्रत सर्वांना दाखवायची, तर ती कोणी परस्पर खोडू नये याचा पहारा चोख हवा. २०२२मध्ये तो फसलेला आढळला. जर्मनीतील प्रोग्रॅमर मॅक्स केलरमन एका साध्या तक्रारीचा माग काढत होते : सर्व्हरवरच्या दाबून ठेवलेल्या लॉग फाइल अधूनमधून खराब का निघतात? उत्तर कर्नलमध्ये सापडले. ५.८ आवृत्तीपासून एका त्रुटीमुळे केवळ वाचण्याची परवानगी असलेला कोणताही प्रोग्रॅम पेज कॅशेमधली प्रत बदलू शकत होता. म्हणजे सिस्टीमच्या फाइलमध्ये हवे ते घुसडून संपूर्ण ताबा मिळवता येत होता. ‘डर्टी पाइप’ असे नाव पडलेल्या या त्रुटीची वाईट गंमत अशी, की बदललेल्या पेजवर डर्टी खूणही पडत नसे. फोन पुन्हा सुरू केला की स्टोरेजवर मागमूस नाही.

पिक्सेल ६ आणि गॅलेक्सी एस२२ हे तेव्हाचे महागडे फोन यात सापडले. जुन्या कर्नलवर चालणारे स्वस्त फोन योगायोगाने वाचले. लिनक्समधली दुरुस्ती फेब्रुवारीत तयार होती, त्रुटी ७ मार्चला जाहीर झाली आणि अँड्रॉइडच्या सुरक्षा बुलेटिनमध्ये तिला जागा मिळाली मे महिन्यात. गूगलच्या स्वतःच्या फोनची ही गत. दहा-बारा हजारांच्या फोनला अपडेट किती दिवसांनी आणि किती वर्षे मिळणार, हे जाहिरातीतल्या रॅमच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती कंपन्यांवर व्हायला हवी. तोवर ग्राहकाच्या हातात एक तपासणी आहे. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’ किंवा अँड्रॉइड आवृत्तीच्या पानावर सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. ती सहा महिन्यांहून जुनी असेल आणि ‘चेक फॉर अपडेट’ दाबूनही बदलत नसेल, तर त्या फोनवर बँकेचे अ‍ॅप ठेवावे का, याचा विचार करावा.