संगणक दिला, पण वेळ कोण देणार?

‘बाईंना यंत्र जमत नाहीं,’ असें विद्यापीठांतील कित्येक विद्वान गृहस्थ आपल्या सहकारी प्राध्यापिकांविषयीं हंसत हंसत बोलतात. हें बोलणें आम्हांस नवें नाहीं. शूद्रांस विद्या पचत नाहीं व बायकांस तर बुद्धीच नाहीं, असें पूर्वीं याच थाटांत सांगत. जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढून तें खोटें पाडलें.

सन २०२१-२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणें उच्च शिक्षणांतील दर १०० शिक्षकांत सुमारें ४३ स्त्रिया होत्या. त्यांत शेतकऱ्यांच्या व सुतार-लोहारांच्या लेकीही आहेत. संगणक त्या रोज चालवितात. अडचण बुद्धीची नसून वेळेची आहे. घरकाम करणाऱ्या बाईचीं दिवसाचीं सरासरी २९९ मिनिटें त्यांत जातात व पुरुषाचीं ९७, असें २०१९ सालच्या सरकारी पाहणींत दिसलें. प्राध्यापिका झाली म्हणून चूल सुटत नाहीं.

सन २०२० च्या टाळेबंदींत शिकवणें संगणकावर आलें. साहेब खोलीचें दार लावून बसले. बाई मात्र एक डोळा पडद्यावर व एक चुलीवरच्या दुधावर ठेवून शिकवूं लागल्या. त्या वर्षीं फेब्रुवारी ते मे या महिन्यांत एका बड्या परदेशी प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांकडे आलेले शोधनिबंध तपासले गेले, तेव्हां पुरुषांच्या मानानें स्त्रियांचे निबंध कमी पडल्याचें आढळलें. अशा निबंधांवरच पुढें बढती मिळते! यंत्र दोघांपुढें होतें. सवड एकालाच होती.

विद्यापीठांतही तोच न्याय. गुण भरा, हजेरी चढवा, मूल्यांकनाचे तक्ते भरा, हें संगणकावरचें कारकुनी काम ‘बाई नीटनेटकें करतात’ म्हणून त्यांच्या गळ्यांत. संगणकखरेदीच्या समितीवर मात्र साहेब! तासिका तत्त्वावर राबणाऱ्या बाईनें तर मोबाईलही स्वतःचाच झिजवावा.

आमचें विद्यापीठांस सांगणें आहे कीं, हें काम मोजा, सर्वांत सारखें वांटा, आणि समितींत बायकांस जागा द्या.

पण शेतकरी व कारागीर बंधूंनो, दुसऱ्यास बोल लावून आपण सुटत नाहीं. महाराष्ट्रांत इंटरनेट कधीं तरी वापरलेले दर १०० पुरुषांत सुमारें ६१, तर दर १०० स्त्रियांत ३८ च, असें २०१९-२१ च्या पाहणींत निघालें. घरांत मोबाईल एकच असला तर तो पोराच्या हातीं आणि पोरीच्या हातीं केरसुणी, ही आपलीच रीत ना? उद्यांची प्राध्यापिका आज तुमच्याच ओसरीवर बसली आहे. तिला मोबाईल द्या, आणि त्याबरोबर तासभर सवडही द्या.

पुण्याच्या विद्यापीठास २०१४ सालीं सावित्रीबाईंचें नांव मिळालें. तें नुसतें पाटीवर राहून भागणार नाहीं.