धूर कोणाचा, भुर्दंड कोणाला?



देवगडच्या बंदरात पहाटे नौकांची इंजिने सुरू होतात, तेव्हा निघणारा काळा धूर आणि आपल्या कापसाच्या रानात ट्रॅक्टर ओकतो तो धूर, एकाच जातीचा. तिकडे खलाशी तो गिळतो, इकडे आपण. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जाहीर केले. म्हणून धुराची चिंता म्हणजे शहरी बाबूंची चैन, असे आम्ही म्हणणार नाही. धूर आधी आपल्याच छातीत जातो.

या धुरात दोन विखार आहेत. डिझेलला हवा कमी पडली की काजळी होते. जाळ फार तापला की हवेतल्याच नायट्रोजनचे ऑक्साइड होतात. ते सहसा दिसत नाहीत, पण फुप्फुसाला झोंबतात. मेख अशी, की एक कमी करायला जावे तर बहुधा दुसरे वाढते. म्हणून नव्या ट्रकला काजळीसाठी गाळणी आणि दुसऱ्या विखारासाठी युरियाच्या पाण्याची टाकी लागते. होय, युरियाच; साडेबत्तीस टक्के!

म्हणजे उपाय आहे. प्रश्न आहे तो पैशाचा. रस्त्यावरच्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले. ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून कडक नियम आले. कारखानदार वाढीव खर्च किमतीत घालतो, ट्रकवाला भाड्यात घालतो. देवगडच्या बागायतदाराने हापूसची पेटी वाशीला धाडली, की ते भाडे त्याच्याच पट्टीतून कापले जाते. आपल्या कापसाचे, ज्वारीचेही तेच. खर्च पुढे ढकलायला शेतकऱ्याच्या पुढे कोणी नाही.

आणि भाव मिळू लागला की सरकार आडवे येते. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात बंद केली, ऑगस्ट २०२५ मध्ये आयातशुल्क माफ केले. एका हाताने खिसा कापायचा आणि दुसऱ्या हाताने महाग यंत्र घ्या म्हणायचे, हा कुठला न्याय?

२०१५ साली हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली. तसला नियम उद्या रानात आला तर? हंगामापुरता चालणारा ट्रॅक्टर आणि रोज धावणारी गाडी एका मापाने मोजू नका. यंत्राचे वय पाहू नका, धूर मोजा.

आपल्या हातातले मात्र आपण आजच करू. कोरडवाहू रानातल्या धुळीने एअर फिल्टर तुंबतो. तो वेळेवर साफ करा. नोझल तपासून घ्या. डिझेलात रॉकेल मिसळू नका. काळा धूर म्हणजे आपल्याच पैशाचे अर्धवट जळालेले डिझेल.

अनुदानाचा तुकडा आम्ही मागत नाही. बाजार मोकळा ठेवा, घामाचे दाम मिळू द्या. स्वच्छ इंजिन आम्ही आमच्या पैशाने घेऊ. जिल्हा मेळाव्यात हाच ठराव गावागावातून यावा.