डायलिसिसच्या अलीकडची वर्षे

मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,


पालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातल्या सुमारे १८ टक्के मुंबईकरांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीवर निघाली. मधुमेहींपैकी साधारण तिघांत एकाला पुढेमागे किडनीचा विकार जडतो. म्हणजे अंधेरी-बोरिवली काय किंवा घाटकोपर-मुलुंड काय, उद्याचे डायलिसिसचे रुग्ण आजच दवाखान्यांच्या रांगेत आहेत आणि साखरेची गोळी घेऊन घरी परतत आहेत. तरी किडनीचा विषय निघाला की घोषणा होते ती नव्या डायलिसिस केंद्राची. खाटा हव्यातच, त्याबद्दल वाद नाही. पण आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडून घ्यायचे म्हटल्यावर हातावर पोट असणाऱ्याचे काम सुटते. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून उपचार फुकट झाले तरी बुडालेली मजुरी कोणी देत नाही. म्हणून पालिकेने आपले काम किती खाटा वाढल्या यावर मोजू नये, किती मधुमेहींची लघवी दरवर्षी अल्ब्युमिन या प्रथिनासाठी तपासली यावर मोजावे.

लघवीच का? कारण बऱ्याचदा किडनीची निम्मी ताकद जाईपर्यंत रक्ततपासणीत क्रिएटिनिन ‘नॉर्मल’च छापून येते. लघवीतले अल्ब्युमिन त्याच्या पुष्कळ आधी दिसते, आणि तेव्हा करण्यासारखे बरेच असते. टेल्मिसार्टन, लोसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्या जुन्या आणि स्वस्त आहेत. त्या गटातली औषधे आधीच घेत असलेल्या सुमारे ४४०० मधुमेही किडनीरुग्णांवर झालेल्या क्रेडेन्स चाचणीत (२०१९) कॅनाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीची भर घातल्यावर किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका ३० टक्क्यांनी घटला. ‘महागडी औषधे पालिकेला कशी परवडणार?’ हा आक्षेप तेव्हा रास्त होता. आता त्याच जातीच्या डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट आधीच आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले असून भाव कोसळले आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या नव्या गोळ्या निर्धोक नाहीत: पावसाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या किंवा कडक उपास धरला तर त्या थांबवाव्या लागतात, आणि गर्दीच्या ओपीडीत हे समजावायला डॉक्टरांना वेळ कुठला? खरे आहे. पण हे सांगायला तज्ज्ञ नेफ्रॉलॉजिस्ट लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका आणि मराठी-हिंदी-गुजरातीतले एक कार्ड पुरते. अंगदुखीवर मनाने वेदनाशामक घेऊ नका, हेही (किडनीच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे) त्याच कार्डावर मावेल. ‘रुग्ण पुन्हा येतच नाहीत’ ही तक्रारही नेहमीची. लोकलने कामावर जाणारा माणूस सकाळच्या ओपीडीला येणार नाही. पण संध्याकाळी उघडे असलेले ‘आपला दवाखाना’ पालिकेने २०२२ पासून त्याच्यासाठीच काढले ना?

या तपासणीची सुरुवात के पूर्व, के पश्चिम (अंधेरी), आर मध्य (बोरिवली), एन (घाटकोपर) आणि टी (मुलुंड) या वॉर्डांपासून करावी. नोंदलेले मधुमेही किती, त्यांपैकी वर्षभरात लघवी किती जणांची तपासली, दोष आढळलेल्यांपैकी औषध किती जणांना सुरू झाले, हे तीन आकडे दर तिमाहीला वॉर्डनिहाय जाहीर व्हावेत.


उपनगरातील एक करदाता