भिंतीवरचे हत्ती, भिंतीतली ओल

बाळाची चाहूल लागली की घरातल्या एका खोलीचे रूप पालटू लागते. पूर्वी पाळणा, झबली-टोपडी आणि आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी एवढ्यावर तयारी भागत असे. आता शहरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही एक भिंत बाळासाठी राखून ठेवली जाते. दुकानदार जाडजूड कॅटलॉग उघडतो. ढगांतून उडणारे फुगे, हत्तींची रांग, ग्रहमाला, डायनासोर. चौरस फुटाचा भाव सांगता सांगता तो एक वाक्य हमखास जोडतो, ‘यामुळे मुलाचा मेंदू लवकर तयार होतो.’ होणारे आईवडील नेमके त्या वाक्यापाशी विरघळतात.

हे वाक्य अगदीच हवेतून आलेले नाही. रॉबर्ट फँट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास तान्ह्या बाळांसमोर वेगवेगळी चित्रे धरली आणि बाळ कशाकडे किती वेळ बघते ते मोजले. एकरंगी पाटीपेक्षा पट्टे, चौकटी आणि चेहऱ्याच्या आकृतीकडे बाळे जास्त वेळ बघत राहिली. त्याआधी नवजात बाळाला जवळजवळ काहीच दिसत नाही असा समज होता, तो या प्रयोगांनी मोडला. पण बाळाला नक्षी बघायला आवडते एवढेच त्यातून कळते. नक्षीमुळे बाळ हुशार होते असे त्यात कुठेच नाही. शिवाय नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचे जरा बरे दिसते. दूध पिताना आईचा चेहरा असतो तेवढे ते अंतर. आठ फुटांवरच्या भिंतीवरचे हत्ती त्याच्यासाठी धुक्यातले डाग असतात. त्या वयात सगळ्यांत उत्तम नक्षी म्हणजे डोळे, भुवया आणि हलणारे ओठ, आणि त्याचे बिल येत नाही.

मूल चार-पाच वर्षांचे झाले की प्रश्न उलटा होतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अॅना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक छोटा पण नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गातल्या २४ मुलांना सहा पाठ शिकवले, काही चित्रांनी, तक्त्यांनी भरलेल्या वर्गात आणि काही मोकळ्या भिंतींच्या वर्गात. भरलेल्या वर्गात मुलांचे लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ भलतीकडे होते, मोकळ्या वर्गात २८ टक्के. पाठानंतरच्या चाचणीत मोकळ्या वर्गात ५५ टक्के उत्तरे बरोबर आली, भरलेल्या वर्गात ४२ टक्के. मुले थोडी होती आणि जागा वर्गाची होती, झोपायच्या खोलीची नव्हे. त्यामुळे यावरून घरातली सगळी चित्रे उतरवायची गरज नाही. पण ज्या भिंतीकडे तोंड करून मूल अभ्यासाला बसते ती तरी साधी ठेवावी, एवढे सांगायला हा पुरावा पुरेसा आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते. बाके, पुस्तके, दप्तर सगळे त्याच रंगीबेरंगी भिंतीला खेटून असते आणि मग ‘याचे लक्षच लागत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

बारीक, ठळक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांबद्दल वेगळी सावधगिरी हवी. ब्रिटिश संशोधक अरनॉल्ड विल्किन्स यांनी अनेक वर्षे या विषयावर काम केले. दोन मीटरवरून पाहताना काळी-पांढरी जोडी साधारण एक सेंटिमीटरभर रुंद असेल तर असे पट्टे डोळ्यांना सर्वाधिक टोचतात. अर्धशिशीचा त्रास असलेल्यांना ते जास्त जाणवतात, आणि फिट्स येणाऱ्या काही मोजक्या मुलांत अशी नक्षी झटक्याला निमित्त ठरू शकते. घरात असा आजार असेल तर पट्ट्यांचा मोह टाळावा, इतके सोपे आहे.

मात्र लक्ष आणि डोळे या दोन्हींपेक्षा काळजीची गोष्ट कागदाच्या मागे असते. मुंबई, ठाणे, कोकणपट्टी, गोवा इथे पावसाळ्याचे चार महिने बाहेरची भिंत पाणी पीत राहते. साध्या चुन्याच्या किंवा हवा खेळू देणाऱ्या रंगाच्या भिंतीतून ती ओल हळूहळू उडून जाते. भिंतीवर व्हिनाइलचा, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला कागद चिकटवला की ती वाट बंद होते. आत ओल, वर खळ आणि कागद. बुरशीला आणखी काय हवे? समोरून हत्ती हसत असतात आणि मागे काळे ठिपके पसरत असतात. पोपडे धरलेली भिंत निदान डोळ्यांना दिसते. कागद लावलेल्या भिंतीचा नुसता कुबट वास येतो, आणि त्यावर उपाय म्हणून घरात सुगंधी फवारा आणला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांत खोकला, घरघर, दमा यांचे प्रमाण जास्त आढळते हा त्यातला मुख्य मुद्दा. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते आणि दिवसातले दहा-बारा तास त्याच खोलीत झोपते. पाळणाही बहुधा त्या सजवलेल्या भिंतीलाच टेकवलेला असतो, कारण फोटो तिथे छान येतो.

भिंतीवरच्या कागदाने मुलांना त्रास होण्याची गोष्ट जुनी आहे. कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तांबे आणि आर्सेनिक यांपासून एक सुरेख हिरवा रंग बनवला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घराघरांत असे आर्सेनिकयुक्त हिरवे कागद लागले. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच घरातली मुले एकामागून एक दगावली. आधी घटसर्प समजला गेला; नंतर संशय त्यांच्या खोलीतल्या हिरव्या वॉलपेपरवर गेला. पुढे बार्टोलोमेओ गोसिओ या इटालियन डॉक्टरने दाखवले, की ओलसर कागदावरची बुरशी या रंगातून लसणाच्या वासाचा वायू तयार करते. त्या वायूने खरेच माणसे मेली का, की झडणाऱ्या रंगाच्या धुळीने, यावर आजही वाद आहे. गंमत अशी, की ब्रिटनमध्ये या कागदांवर बंदी घालणारा कायदा कधी झालाच नाही. गिऱ्हाइकेच ‘आर्सेनिक नसलेला दाखवा’ म्हणू लागली आणि कारखानदार वठणीवर आले.

आजच्या कागदात आर्सेनिक नाही. पण व्हिनाइल मऊ करायला थॅलेट नावाची रसायने वापरतात, आणि ती हळूहळू घरातल्या धुळीत उतरतात. स्वीडनमधल्या मुलांवरच्या २००४ च्या एका अभ्यासात दमा आणि त्वचेच्या ॲलर्जीचा त्रास असलेल्या मुलांच्या खोलीतल्या धुळीत काही थॅलेट जास्त सापडली. आजाराचे कारण तेच, असे त्यावरून ठरत नाही. तरी एक विसंगती खटकते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. खुळखुळा घेताना आई चिन्ह शोधते. खोलीतली शंभर चौरस फुटांची भिंत मढवताना मात्र कागद कशाचा, खळ कसली, हे विचारत नाही. बिलावर डिझाइनचा नंबर आणि भाव, एवढेच असते.

हौसेला नाट लावण्याचे कारण नाही. मुलाची खोली सुंदर असावी असे वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण कागद लावायचाच तर आतल्या, कोरड्या भिंतीवर लावावा; बाहेरच्या किंवा न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर नको. शंका असेल तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून दोन दिवस ठेवावा. मागे थेंब धरले तर भिंत अजून तयार नाही. व्हिनाइलपेक्षा साधा कागद निवडावा आणि काम बाळंतपणाच्या तोंडावर काढू नये. निदान काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवून वास जाऊ द्यावा.

वारली पाड्यांवर लग्नघराची भिंत गेरूने सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. ती नक्षी श्वास घेणाऱ्या भिंतीवर असते आणि काही दिवसांनी पुसली जाते. फ्लॅटमधल्या मुलालाही अशी एखादी भिंत मिळू शकते: हाताला येईल एवढ्या उंचीपर्यंत खडूने रेघोट्या मारता येतील अशी. दोन वर्षांचे पोर हत्ती म्हणून जे काढेल त्याला कदाचित सोंड पाठीवर असेल आणि पाय सहा असतील. दिवाळीला त्यावर चुन्याचा हात फिरवला की भिंत पुन्हा मोकळी.