खोक्यावरचे व्होल्ट आणि भिंतीतले भोक



गेल्या मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळ येथे एका परिचितांकडे गेलो होतो. त्यांचा नववीतला मुलगा मोठ्या उत्साहाने एक खोके घेऊन आला. आत बॅटरीवर चालणारे नवे ड्रिल मशीन होते. खोक्यावर ठळक आकडा होता ८८, आणि त्याच्यापुढे दोन बारीक अक्षरे. ‘‘सर, अठ्ठ्याऐंशी व्होल्टची मशीन हाय! दुकानात अठराचीबी होती, पण तीच महाग सांगत होता.’’

पुस्तकांच्या फळीसाठी भिंतीला चार भोके पाडायची होती. विटांच्या भागात दोन भोके झाली. तिसऱ्या ठिकाणी जुन्या भिंतीचा काळा दगड लागला. मशीन कण्हू लागले, तापले, करपल्याचा वास आला आणि ते थांबले. मुलाचे तोंड उतरले. वडील काही बोलले नाहीत, पण त्यांची आठवड्याभराची मजुरी त्या खोक्यात गेली होती.

दोष कोणाचा? दुकानदाराचा आहेच. पण माझ्या मते थोडा आम्हा शिक्षकांचाही आहे. व्होल्ट, अँपिअर, वॉट यांच्या व्याख्या आम्ही तुमच्याकडून घोकून घेतो, आणि त्याच शब्दांनी तुम्हाला बाजारात फसवले जाते, तेव्हा ती व्याख्या कामी येत नाही. म्हणून आज हे खोकेच धडा म्हणून वाचू या.

हल्लीच्या या बॅटऱ्यांत लिथियम-आयन घट असतात. एका घटाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट. पाच घट एकसर जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण भारित घट ४.२ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून त्याच पाच घटांना कोणी ‘२० व्होल्ट’ म्हणतो, कोणी ‘२१’. यात लबाडी फारशी नाही. एकच वस्तू दोन वेळी मोजली इतकेच. पण ८८ व्होल्टसाठी चोवीस-पंचवीस घट लागतील. बोटाएवढ्या नेहमीच्या घटाचे वजन सुमारे ४५ ग्रॅम. म्हणजे नुसते घटच किलोभराच्या वर! आम्ही ती बॅटरी किराणा दुकानाच्या तराजूवर ठेवली. पाव किलोच्या थोडी वर भरली. मग मल्टिमीटर लावला. त्याने २०.४ व्होल्ट दाखवले. (हा प्रयोग शिक्षकांसमोरच करा. मीटर २०० व्होल्टच्या डी.सी. पट्ट्यावर ठेवा आणि दोन्ही सळ्यांची टोके एकमेकांना मुळीच टेकू देऊ नका. बॅटरी उघडण्याचा मोह तर नकोच.)

खरा प्रश्न व्होल्टचा नाहीच, ऊर्जेचा आहे. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास यांचा गुणाकार करा: ३६ वॉट-तास, म्हणजे १,२९,६०० ज्यूल. ही काही थोडी नव्हे. ६० किलोच्या माणसाला एवढ्या ऊर्जेने सुमारे २२० मीटर उचलता येईल, म्हणजे कुतुबमिनाराच्या तिप्पट उंच. स्क्रू पिळायला, सागवानी चौकटीला भोके पाडायला, शेतावरच्या गोठ्याचे पत्रे बसवायला ती भरपूर आहे. शेतात जिथे प्लग नाही, किंवा वीज रात्रीच येते, तिथे अशा मशीनची खरी किंमत कळते. पण हीच बॅटरी लोखंड कापणाऱ्या ८५० वॉटच्या ग्राइंडरला जोडली असे समजा. अडीच मिनिटांत ती रिकामी होईल. म्हणून वेल्डिंगच्या दुकानात तारेचा ग्राइंडरच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. तार नसणे ही सोय आहे. ती शक्ती नव्हे.

खोक्यावर आणखी दोन आकडे असतात: टॉर्क, म्हणजे पीळ देणारा जोर, समजा ३० न्यूटन-मीटर, आणि फेरे, समजा मिनिटाला ४००. दोन्ही खरे असू शकतात, पण एकाच वेळी नाही. दोन्ही एकाच वेळी मिळाले असते तर शक्ती किती झाली असती? ४०० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे ४२ रेडियन. त्याला ३० ने गुणले की १,२५० वॉटच्या वर. १८ व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी ७० अँपिअर ओढावे लागतील. वस्तुतः सर्वांत जास्त फेरे मोकळे फिरताना मिळतात, आणि सर्वांत जास्त पीळ मोटर जवळजवळ अडकलेली असताना. त्या मुलाचे मशीन दगडात अडले तेव्हा प्रवाह वाढला, आणि विद्युतप्रवाहाची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे तुम्ही शिकला आहातच. करपल्याचा वास तो हाच.

हा पीळ हातालाही बसतो. बिट अडकले की मशीन स्वतःच फिरू पाहते. ३० न्यूटन-मीटरला ३० सेंटिमीटरवर धरलेल्या हाताने १०० न्यूटन, म्हणजे दहा किलोच्या वजनाएवढा विरोध करावा लागतो, तोही अचानक. मनगट मुरगळते ते यामुळे. स्क्रू पिळताना पुढच्या आकडे कोरलेल्या कड्यावर लहान आकडा लावा. ठराविक पिळाला ते कडे आपोआप सुटते आणि स्क्रूची खाच झिजत नाही. आणि डोळ्यांवर चष्मा हवा. दगडाची एक कपची पुरे होते.

आता त्या तिसऱ्या भोकाकडे वळू. इथे मला चंद्राची आठवण झाली. बॅटरीवरचे ड्रिल चांद्रमोहिमांमुळे जन्माला आले असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ सालीच असे ड्रिल बाजारात आणले होते. १९७१ साली अपोलो-१५ चे डेव्हिड स्कॉट हे बॅटरीचेच ड्रिल घेऊन चंद्राच्या जमिनीत भोके पाडत होते. ठरलेली खोली काही गाठता येईना. एक नळी दोन मीटरहून खोल गेली, पण ती इतकी घट्ट बसली की दुसऱ्या दिवशी स्कॉट आणि आयर्विन या दोघांना मिळून ओढावी लागली. अडचण मुख्यतः नळ्यांच्या जोडांत होती. नळीवरची मळसूत्री खाच चुरा वर आणते. जोडांपाशी ती खाच नीट नव्हती, म्हणून चुरा तुंबला. अपोलो-१६ साठी नळ्या सुधारल्या, आणि काम झाले.

आपल्याकडेही तेच. मुलाने लाकडाचे बिट दगडाला लावले होते! विटेला, काँक्रीटला टोकाशी कार्बाइडचा तुकडा बसवलेले बिट लागते, आणि मधूनमधून ते बाहेर काढून चुरा झाडावा लागतो. दख्खनचा काळा दगड तर बेसॉल्ट, लोणारच्या विवराच्या कडेचा तोच. तिथे छोट्या मशीनची ठोका देणारी कळही अपुरी पडते. गावातल्या इलेक्ट्रिशियनकडचे रोटरी हॅमर अर्ध्या तासासाठी मागून आणावे. आम्ही तेही केले नाही. फळी वीतभर सरकवली आणि दोन दगडांमधल्या दर्जेत गिट्टी बसवली.

वर्षाला दोन खिळे ठोकणाऱ्या घराने हे मशीन विकत घेऊ नये, असे मी म्हणेन. सुताराचे जुने गिरमिट त्या घराला पुरते. बॅटरी न वापरताही म्हातारी होते, आणि उष्णतेने लवकर होते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत ती भारित करणे म्हणजे तिचे आयुष्य जाळणे. भल्या पहाटे करावी, आणि कामावरून आलेली गरम बॅटरी आधी गार होऊ द्यावी.

शाळेने मात्र एक चांगले मशीन जरूर घ्यावे. १८ व्होल्टचे, दोन बॅटऱ्यांसह, आणि ज्याची बॅटरी पाच वर्षांनीही तालुक्याला मिळेल असे. ते मुलींच्याही हाती द्यावे. कपाटात शोभेला ठेवायचे असेल तर घेऊच नये. सुट्टीत बॅटऱ्या अर्ध्या भारित करून सावलीत ठेवायचे काम नववीच्या विद्यार्थ्याकडे सोपवावे. दहावीचा तोपर्यंत शाळा सोडून गेलेला असतो.